वंशाची चाळणी आणि समाजवाद

२९ डिसेंबर १९८२ रोजी ग्रीसमधील पासोक पक्षाच्या समाजवादी सरकारने एक आदेश काढला. १९४६ ते १९४९ या यादवी युद्धाच्या काळात व त्या युद्धामुळे देश सोडून गेलेल्या राजकीय निर्वासितांना मायदेशी परतण्याची आणि हिरावून घेतलेले नागरिकत्व पुन्हा मिळवण्याची मुभा त्या आदेशाने दिली. ताश्कंदपासून प्रागपर्यंत तीन दशकांहून अधिक काळ विखुरलेल्या हजारो कुटुंबांचा वनवास त्यामुळे संपला. अशा आदेशाचे स्वागत कोणताही समाजवादी करील. परंतु त्यात दोन शब्दांची एक अट होती. ही मुभा केवळ ‘वंशाने ग्रीक’ असणाऱ्यांपुरती होती. त्याच युद्धात, त्याच बाजूने, त्याच डोंगरांत लढलेले आणि त्याच खिंडींतून परागंदा झालेले मॅसिडोनियन शेतकरी व त्यांची मुले या दोन शब्दांमुळे उंबरठ्याबाहेर राहिली. १९८५ साली निर्वासितांची जप्त मालमत्ता परत करण्याचा कायदा झाला, त्यातही हीच अट घालण्यात आली.

हा आदेश लष्करी हुकूमशहांनी काढला असता तर त्याची चर्चा या पृष्ठावर करण्याचे फारसे कारण नव्हते. हुकूमशहांकडून कोणी न्यायाची अपेक्षा करीत नाही. तो काढणाऱ्या सरकारचे पंतप्रधान आन्द्रेआस पापांद्रेऊ हे नामांकित अर्थशास्त्रज्ञ होते. १९६७ च्या लष्करी उठावानंतर त्यांनी स्वतः तुरुंगवास व परदेशवास भोगला होता. जानेवारी १९८५ मध्ये नवी दिल्लीत भरलेल्या सहा राष्ट्रांच्या अण्वस्त्रविरोधी शिखर परिषदेला ते उपस्थित होते आणि आपल्याकडे त्यांचे नाव आदराने घेतले जात होते. मालमत्तेचा कायदा त्याच वर्षीचा. देशाबाहेर फेकले जाणे म्हणजे काय हे जाणणाऱ्या, शांततेचा पुरस्कार करणाऱ्या माणसाच्या राजवटीत वंशाची चाळणी कायद्यात शिरते आणि जगभरच्या समाजवादी चळवळीत त्याची फारशी चर्चाही होत नाही, हा प्रश्न केवळ ग्रीसचा राहत नाही. तो आपल्या विचारपरंपरेचा होतो.

या प्रश्नाची मुळे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मॅसिडोनिया हा तुर्की साम्राज्याचा प्रांतसमूह होता. स्लाव्ह, ग्रीक, तुर्क, अल्बानियन, व्लाख, ज्यू, रोमा असे अनेक समाज तेथे शेजारी नांदत होते. स्लाव्ह भाषा बोलणारा तेथील शेतकरी धर्माने ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती होता. त्याला कोणी बल्गेरियन म्हणे, कोणी सर्बियन म्हणे, तर कोणी ‘स्लाव्ह बोलणारा ग्रीक’ ठरवी. त्या शेतकऱ्यांपैकी अनेक जण स्वतःला बल्गेरियन म्हणवीत, काही मॅसिडोनियन म्हणवीत आणि पुष्कळांना या प्रश्नाचे फारसे अगत्य नव्हते. २ ऑगस्ट १९०३ रोजी, संत एलियाच्या दिवशी, सुलतानाविरुद्ध इलिंदेनचा उठाव झाला. क्रुशेवो नगरात काही दिवसच टिकलेले एक प्रजासत्ताक स्थापन झाले. त्याचे नेतृत्व निकोला कारेव्ह या समाजवादी शिक्षकाकडे होते, ही गोष्ट आपल्या कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. राष्ट्रजाणीव ही कोणत्याही समाजात एका दिवसात घडत नाही. मॅसिडोनियन जाणीव विसाव्या शतकात घडली, म्हणून ती खोटी, असे म्हणणाऱ्यांनी मग युरोपातील बहुतेक राष्ट्रांना खोटे ठरवण्याची तयारी ठेवावी.

१९१२-१३ च्या बाल्कन युद्धांनी तुर्की सत्ता हटवली आणि १० ऑगस्ट १९१३ च्या बुखारेस्ट तहाने मॅसिडोनियाची वाटणी केली. सुमारे निम्मा प्रदेश ग्रीसला, एक तृतीयांशाहून अधिक सर्बियाला आणि दशांशाच्या आसपास बल्गेरियाला मिळाला. ज्यांच्या भूमीची वाटणी झाली त्यांना कोणी विचारले नाही. या युद्धांत सर्वच सैन्यांनी परक्या भाषेच्या गावांवर जे अत्याचार केले त्यांची चौकशी कार्नेगी संस्थेने नेमलेल्या आंतरराष्ट्रीय आयोगाने केली आणि १९१४ मध्ये आपला अहवाल प्रसिद्ध केला. ग्रीक सैन्याने जाळलेले कुकुश नगर त्या अहवालात आहे, तसेच बल्गेरियन सैन्याचे अत्याचारही आहेत. एका बाजूचे पाप दाखवून दुसऱ्या बाजूचे झाकणाऱ्यांनी हा अहवाल अवश्य वाचावा.

यानंतर जे घडले ते तलवारीपेक्षा कागदाने अधिक घडले. १९१९ च्या नुयी तहाबरोबर ग्रीस व बल्गेरिया यांच्यात ‘ऐच्छिक’ स्थलांतराचा करार झाला आणि त्याखाली नव्वद हजार ते एक लाख स्लाव्ह भाषिकांनी ग्रीस सोडला. त्यातील इच्छा कितपत मोकळी होती हे सांगण्याची गरज नाही. १९२३ च्या लोझान करारान्वये ग्रीस व तुर्कस्तान यांच्यात सक्तीची अदलाबदल झाली. सुमारे बारा लाख ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आशिया मायनर व अन्य भागांतून ग्रीसमध्ये आले, तर साडेतीन लाखांहून अधिक मुसलमानांना ग्रीसमधून तुर्कस्तानात जावे लागले. आलेल्यांपैकी सहा लाखांवर निर्वासित ग्रीक मॅसिडोनियात वसवण्यात आले. प्रांताचे लोकसंख्याचित्र दहा वर्षांत पालटले.

लोझानच्या या प्रयोगाचा आपल्या देशाशी एक धागा जोडलेला आहे. फाळणीची चर्चा चालू असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाकिस्तानविषयीच्या आपल्या ग्रंथात अल्पसंख्याकांच्या प्रश्नावरील उपाय म्हणून लोकसंख्येच्या अदलाबदलीचा विचार मांडला आणि त्यासाठी तुर्कस्तान, ग्रीस व बल्गेरिया यांचे उदाहरण दिले. अल्पसंख्याकांची कत्तल टळावी ही त्यामागची तळमळ होती आणि १९४७ च्या रक्तपाताने त्यांची भीती अनाठायी नव्हती हे सिद्ध केले. परंतु अदलाबदलीने ग्रीसमधला प्रश्न सुटला नाही. धर्म हा निकष धरल्यामुळे जे ऑर्थोडॉक्स स्लाव्ह मागे राहिले त्यांना अदलाबदलीच्या कोणत्याच यादीत जागा नव्हती. ते धर्माने राष्ट्राचे होते आणि भाषेने परके. मग राज्याने त्यांची भाषाच नाहीशी करण्याचे ठरवले.

राष्ट्रसंघाच्या दडपणामुळे १९२५ साली अथेन्समध्ये ‘अबेसेदार’ नावाचे स्लाव्ह भाषेचे बालवाचन छापण्यात आले. लिपी रोमन आणि बोली स्थानिक होती. सोफिया व बेलग्राद या दोघांनीही आक्षेप घेतला. हे पुस्तक वर्गापर्यंत पोहोचलेच नाही. पुढच्याच वर्षी गावांची नावे बदलण्याचा व्यापक कार्यक्रम सरकारी आदेशाने हाती घेण्यात आला. लेरिन, कोस्तुर, वोदेन ही नावे जाऊन सरकारी कागदांवर फ्लोरिना, कास्तोरिया, एदेसा ही नावे राहिली. खेडी, ओढे, टेकड्या आणि पुढे माणसांची आडनावेही ग्रीक करण्यात आली. १९२८ च्या ग्रीक जनगणनेत स्लाव्ह भाषिकांची संख्या ८१,९८४ नोंदली गेली आणि हा सरकारी आकडा वस्तुस्थितीपेक्षा कमी होता असे अनेक अभ्यासक मानतात. ४ ऑगस्ट १९३६ रोजी जनरल मेटाक्सास यांची हुकूमशाही आली आणि घरात व बाजारात ही भाषा बोलणे हाच गुन्हा ठरला. दंड, मारहाण, हद्दपारी, एरंडेल पाजणे अशा शिक्षा झाल्या. म्हाताऱ्या माणसांना ग्रीक शिकण्यासाठी रात्रीच्या शाळांत बसवण्यात आले. जिला दुसरी भाषाच येत नाही अशा आजीला नातवाशी बोलण्याबद्दल दंड होतो, तेव्हा ‘राष्ट्रीय ऐक्य’ या शब्दाचा खरा अर्थ कळतो.

अशा समाजाने हिटलरविरोधी प्रतिकारात आणि नंतरच्या यादवी युद्धात डाव्यांची बाजू घेतली यात नवल नाही. कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखालील ‘लोकशाही सेने’ने मुक्त केलेल्या भागांत मॅसिडोनियन शाळा उघडल्या, वृत्तपत्रे निघाली. जी भाषा बोलल्याबद्दल बापाने मार खाल्ला तिच्यातच मुलाने धुळाक्षरे गिरवली. युद्धाच्या अखेरच्या टप्प्यात या सेनेत निम्म्याहून अधिक सैनिक मॅसिडोनियन असल्याचा अंदाज काही इतिहासकार करतात. डोंगराळ सीमाभागातील त्यांच्या गावांनी जवळजवळ प्रत्येक धडधाकट तरुण-तरुणी या युद्धाला दिली. ऑगस्ट १९४९ मध्ये ग्रामोस व वित्सी येथे अमेरिकन शस्त्रसामग्रीच्या, विमानांच्या आणि नापामच्या जोरावर राजपक्षाने युद्ध जिंकले, तेव्हा सर्वाधिक किंमत याच गावांनी मोजली.

मार्च १९४८ पासून लोकशाही सेनेने युद्धक्षेत्रातील मुलांना सीमेपलीकडे हलवण्यास सुरुवात केली होती. सुमारे २८,००० मुले युगोस्लाव्हिया, रुमानिया, हंगेरी, चेकोस्लोव्हाकिया, पोलंड या देशांत नेण्यात आली. त्यात ग्रीक होती आणि मॅसिडोनियनही होती. दोन-तीन वर्षांच्या बालकांपासून चौदा वर्षांच्या मुलांपर्यंत सर्व वयांची मुले, गावातील काही स्त्रियांच्या हाती सोपवलेली, रात्री डोंगर ओलांडून गेली. आपले मूल बाँबखाली मरू नये म्हणून आईनेच त्याला रांगेत उभे केले, असे पुष्कळदा घडले. काही ठिकाणी सक्तीही झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. अथेन्सने याला अपहरण म्हटले आणि संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने नोव्हेंबर १९४८ मध्ये मुले परत करण्याचे आवाहन केले. त्याच वेळी राणी फ्रेडेरिका यांच्या पुढाकाराने हजारो मुले ‘बालनगरां’त ठेवून राष्ट्रनिष्ठेचे धडे गिरवीत होती. दोन्ही बाजूंनी मुलांचे राजकारण झाले. पण बालनगरातील मूल पुढे आपल्या गावी जाऊ शकले. ज्यांना मॅसिडोनियन भाषेत ‘देत्सा बेगाल्त्सी’, म्हणजे निर्वासित बालके, म्हणतात त्यांतील मॅसिडोनियन मुलांना म्हातारपणीही त्या गावात पाऊल ठेवता आले नाही.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने या ठिकाणी जमिनीकडे पाहिले पाहिजे, कारण वंशाच्या घोषणांखाली बहुधा जमिनीचा व्यवहार दडलेला असतो. १९४७ च्या हुकमाने परदेशात गेलेल्या ‘देशद्रोह्यां’चे नागरिकत्व काढता येऊ लागले. १९४८ च्या हुकमाने त्यांची मालमत्ता जप्त करण्याची सोय झाली. १९५३ च्या कायद्याने उत्तरेकडील ओसाड पडलेल्या सीमाभागात राष्ट्रनिष्ठ मानल्या गेलेल्या कुटुंबांची वसाहत करण्याचे धोरण आखले. हे नवे वसाहतकार कोणी जमीनदार नव्हते, तेही कोरडवाहू भागांतले गरीब शेतकरी व मेंढपाळ होते. १९२३ च्या निर्वासितांनाही असेच दुसऱ्याच्या शेतात वसवले गेले होते. एका गरिबाची जमीन काढून दुसऱ्या गरिबाला द्यायची आणि त्या दुसऱ्याला पहिल्याच्या परतण्याची कायमची धास्ती घालून ठेवायची, ही राज्यकर्त्यांची जुनी युक्ती आहे. ज्याच्या सातबारावर शंका आहे असा शेतकरी सरकारचा सर्वात एकनिष्ठ मतदार होतो. जमीनवाटप हा आपल्या कार्यक्रमाचा प्राण आहे, पण दुबळ्याला हुसकावून केलेले जमीनवाटप हे समाजवादाचे विडंबन होय.

डाव्यांचा हिशेबही येथे मांडला पाहिजे. १९२४ मध्ये कम्युनिस्ट आंतरराष्ट्रीयने संयुक्त व स्वतंत्र मॅसिडोनियाची घोषणा दिली. १९३५ मध्ये ग्रीक कम्युनिस्ट पक्षाने ती सोडून अल्पसंख्याकांच्या समतेची भूमिका घेतली. जानेवारी १९४९ मध्ये सैनिकांची चणचण भासू लागताच पुन्हा स्वयंनिर्णयाची भाषा आली आणि पराभवानंतर ती पुन्हा गुंडाळली गेली. मधल्या काळात जून १९४८ मध्ये टिटो-स्टालिन बेबनाव झाला आणि पक्षाचे सरचिटणीस झखारियादिस स्टालिनच्या बाजूला राहिले. जुलै १९४९ मध्ये टिटोने सीमा बंद केली. पराभवाचे खापर टिटोवर फोडण्यात आले आणि मॅसिडोनियन नेत्यांपैकी काहींना टिटोचे हस्तक ठरवून सोव्हिएत छळछावण्यांत धाडण्यात आले. ज्यांनी सर्वाधिक रक्त सांडले तेच संशयित ठरले. स्वयंनिर्णयाचे तत्त्व सैन्यभरतीच्या सोयीप्रमाणे चढवायचे आणि उतरवायचे असेल तर ते तत्त्व राहत नाही.

असे हे लोक ताश्कंदच्या कारखान्यांत, पोलंडच्या झ्गोझेलेत्समध्ये, हंगेरीत निर्वासितांसाठीच वसवलेल्या बेलोयानिस गावात राबले. पुढे अनेक जण स्कोपियेला आले, काही टोरांटो व मेलबर्नला गेले. १९८२ च्या आदेशानंतर त्यांचे ग्रीक सोबती सामान बांधून घरी निघाले आणि हे फलाटावर राहिले. साधा प्रवासही त्यांना अवघड होता. पासपोर्टवर जन्मगावाचे जुने, स्लाव्ह नाव असले तर प्रवेश नाकारला जाई. १९९८ मध्ये, त्या स्थलांतराला पन्नास वर्षे झाल्याच्या निमित्ताने एकत्र आलेल्यांपैकी काही वृद्धांना सीमेवरूनच परत पाठवण्यात आले. २००३ मध्ये अल्प मुदतीच्या भेटीची तात्पुरती सवलत मिळाली, पण घर, शेत व नागरिकत्व यांचा प्रश्न तसाच राहिला. वंशाचा हा निकष इतरांनाही भोवला आहे. १९५५ च्या ग्रीक नागरिकत्व संहितेच्या १९ व्या कलमाने ‘ग्रीकेतर वंशा’च्या नागरिकाने देश सोडल्यास त्याचे नागरिकत्व रद्द करता येत असे. १९९८ मध्ये ते कलम रद्द होईपर्यंत सुमारे ६०,००० जणांचे नागरिकत्व गेले होते. त्यातील बहुसंख्य पश्चिम थ्रेसमधील मुसलमान होते.

जे मागे राहिले त्यांनाही स्वतःचे नाव उच्चारण्याची किंमत द्यावी लागली. फ्लोरिनातील काही नागरिकांनी १९९० मध्ये ‘मॅसिडोनियन संस्कृतीचे घर’ ही संस्था नोंदवण्यासाठी अर्ज केला. ग्रीक न्यायालयांनी तो फेटाळला. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १० जुलै १९९८ रोजी संघटनेच्या हक्काचा भंग झाल्याचा निर्णय दिला. ‘इंद्रधनुष्य’ या छोट्या पक्षाने १९९५ मध्ये फ्लोरिनातील कार्यालयावर दोन्ही भाषांत पाटी लावताच जमावाने कार्यालय उद्ध्वस्त केले. त्या प्रकरणीही २००५ मध्ये ग्रीसविरुद्ध निकाल लागला. एका पाटीवरच्या काही अक्षरांनी डळमळीत होणारे राष्ट्र किती भित्रे असले पाहिजे!

हा रोग एकट्या ग्रीसचा नाही. बल्गेरियाच्या १९५६ च्या जनगणनेत सुमारे १,८८,००० मॅसिडोनियन होते, १९६५ मध्ये ते दहा हजारांच्या आत आले. माणसे तीच होती आणि गावेही तीच होती, सरकारचे धोरण मात्र बदलले होते. तेथेही राज्यकर्ते स्वतःला समाजवादीच म्हणवीत होते.

ग्रीक मित्रांची एक बाजू आहे आणि ती ऐकली पाहिजे. १९४१ ते १९४४ या काळात बल्गेरियन सैन्याने पूर्व मॅसिडोनिया व थ्रेसमध्ये ग्रीकांवर भयंकर अत्याचार केले. आशिया मायनरमधून आलेल्या लक्षावधी ग्रीकांनीही आपली घरे गमावली होती आणि त्यांना कोणी ती परत केली नाहीत. युगोस्लाव्ह नेत्यांच्या संयुक्त मॅसिडोनियाच्या आकांक्षांमुळे अथेन्सला सीमेची चिंता वाटत होती, हेही खरे. परंतु १९४८ साली पाच वर्षांच्या असलेल्या मुलाने यातील कोणता अपराध केला होता? आणि आज ऐंशी ओलांडलेला तो माणूस, ज्याला बापाच्या थडग्यापाशी मेणबत्ती लावायची आहे, तो कोणती सीमा बदलणार आहे? सामूहिक अपराधाचे तत्त्व एकदा मान्य केले की जगातील प्रत्येक निर्वासिताला दाराबाहेर ठेवण्याचे समर्थन तयार होते.

१७ जून २०१८ रोजी ग्रीस व त्याच्या उत्तरेकडील शेजारी प्रजासत्ताकात प्रेस्पा करार झाला. नावाचा जुना वाद मिटला, ‘उत्तर मॅसिडोनिया’ हे नाव ठरले, मॅसिडोनियन भाषेला त्या नावाने मान्यता मिळाली. अथेन्समधील त्सिप्रास यांच्या डाव्या सरकारने उजव्यांच्या रोषाला न जुमानता हे धाडस केले, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पण करारावर सह्या झाल्या त्या प्रेस्पा सरोवरकाठच्या प्सारादेस या गावी. त्या गावाचे जुने नाव निवित्सी. नाव बदलण्याचा इतिहास ज्या मातीत पुरला होता तिथेच नावाचा तह झाला आणि त्यात निर्वासितांविषयी, त्यांच्या शेतांविषयी एक ओळही आली नाही. उलट, जे आपले नागरिक नाहीत त्यांच्या हक्कांचे कारण पुढे करूनही एकमेकांच्या अंतर्गत कारभारात हस्तक्षेप न करण्याची हमी दोन्ही राज्यांनी दिली. राज्यांचे भांडण मिटले, माणसांचा प्रश्न कराराबाहेर राहिला.

या प्रश्नावर समाजवाद्यांची मागणी सरळ असली पाहिजे. १९८२ च्या आदेशातील व १९८५ च्या कायद्यातील वंशाची अट काढावी. हयात निर्वासितांना व त्यांच्या वारसांना जन्मगावी जाण्याचा निर्वेध हक्क आणि नागरिकत्वाचा पर्याय द्यावा. जमिनींवर आज तिसरी पिढी नांदत असेल तर तिला हुसकावू नये, एका अन्यायावर दुसरा रचून न्याय होत नाही. तेथे राज्याने भरपाई द्यावी. आणि ज्यांना आपली भाषा शिकायची आहे त्यांना ती शिकू द्यावी.

आपल्या कार्यकर्त्यांनी यातून एक कसोटी उचलावी. एखादा कायदा दुःखितांना आसरा देतो एवढ्याने तो पुरोगामी ठरत नाही. त्या आसऱ्याच्या दारावर जन्माची, वंशाची किंवा धर्माची चौकशी होते काय, हे पाहावे लागते. २०१९ च्या आपल्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याला विरोध करताना आपण हीच भूमिका घेतली होती. ती दिल्लीच्या सरकारला लागू आणि अथेन्समधील आपल्या विचारबंधूंना माफ, असे चालणार नाही. शत्रूच्या अन्यायाविरुद्ध बोलणे सोपे असते. आंतरराष्ट्रीय बंधुभावाची परीक्षा आपल्या माणसांनी काढलेल्या आदेशासमोर होते. त्या परीक्षेला समाजवादी चळवळ १९८२ मध्ये बसलीच नाही. रात्री डोंगर ओलांडून गेलेल्या त्या मुलांपैकी काही जण अद्याप हयात आहेत, तोवर तिला बसता येईल.